कै. चांगो ठोंबरे यांची प्रकृती उत्तम आहे

कॉम्प्युटरला दिलेली आज्ञा कुठे तोडावी आणि कुठे अजिबात तोडू नये, या विषयावर गेल्या मार्चमध्ये मी आमच्या कंपनीत चाळीस मिनिटांचं व्याख्यान दिलं होतं. छत्तीस स्लाइड्स होत्या. शेवटी टाळ्या पडल्या, आणि अनुपम नावाचा माझा एक सहकारी, जो सहसा कुणाचं कौतुक करत नाही, तो म्हणाला, "ऋजुता, आता निदान या विषयात तरी आपल्याकडे कुणी चुकणार नाही."

मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून तर हे सगळं सांगायला इतकी लाज वाटते.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगते. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत आपण आज्ञेची एक ओळ लिहितो. कॉम्प्युटर ती ओळ वाचतो आणि जिथे रिकामी जागा दिसेल तिथे तोडतो. रिकामी जागा आली की एक वस्तू संपली, अशी त्याची ठाम समजूत. 'अनुपम वैद्य' लिहिलं की त्याच्यासमोर दोन माणसं उभी राहतात, एक अनुपम आणि एक वैद्य. हा एकच माणूस आहे हे सांगायचं तर नावाला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं लावायची. शिवाय काही चिन्हं अशी आहेत की ती मजकुरात आली तरी कॉम्प्युटरला हुकूमच वाटतात. त्यांची नांगी आधी मोडावी लागते. हे सगळं बिनचूक करणारी तयार सोय प्रत्येक प्रोग्रॅमिंगच्या भाषेत असते. दोन ओळींचं काम. ती वापरा, स्वतः शहाणपणा करू नका, एवढंच माझ्या छत्तीस स्लाइड्सचं सार होतं.

तर, अप्पा. अप्पा म्हणजे माझे वडील. कर्जतच्या शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले आणि कर्जत-खालापूर भागातल्या जुन्या भातांचं बियाणं जपणाऱ्या एका मंडळाचे चिटणीस झाले. भात लावणाऱ्यांना बियाण्यातलं कळतं आणि अप्पांना शुद्धलेखनातलं, त्यामुळे मंडळाचं बरं चाललं आहे. या वर्षी मंडळानं अकरा जणांचा सन्मान करायचं ठरवलं. अकरा जणांसाठी अकरा संदेश, मंडळाच्या दोनशे चाळीस सभासदांच्या मोबाईलवर.

"एकाच संदेशात अकरा नावं टाका की," मी म्हटलं.

"नको. कुणाचं नाव कुणाखाली दबायला नको," अप्पा म्हणाले. "मी एकेक करून पाठवतो. दोन दिवस लागतील."

दोन दिवस! मी घरूनच काम करते. समोरच्या खोलीत बाप दोन दिवस चष्मा कपाळावर चढवून एका बोटानं संदेश पाठवतो आहे, हे कोणत्या मुलीला बघवेल?

"अप्पा, मला यादी द्या. दहा मिनिटांचं काम आहे," मी म्हटलं.

अप्पांनी यादी दिली. तीन रकाने. नाव, गाव आणि शेरा. शेरा म्हणजे सत्कारमूर्ती हयात आहे की कै. अप्पा दर वर्षी पेन्शनसाठी हयातीचा दाखला देऊ लागले, तेव्हापासून 'हयात' हा शब्द त्यांच्या हाताशीच असतो. यादीत अकरांपैकी दहा जण हयात होते. एकटे कमळ्या वाघ कै. होते. डोंगरउतारावरचं एक लाल भात त्यांनी जन्मभर टिकवलं आणि गेल्या वर्षी ते गेले.

मी प्रोग्रॅम लिहायला घेतला. यादीतली प्रत्येक ओळ घ्यायची, सगळ्या ओळी जोडून एक लांब आज्ञा करायची, आणि आज्ञेचे तीन-तीन तुकडे उचलून संदेश बनवायचा. पहिला तुकडा नाव, दुसरा गाव. तिसऱ्यात 'कै.' असेल तर ते नावाआधी लावायचं, 'हयात' असेल तर काही लावायचं नाही. नावं दोन शब्दांची होती, म्हणून नावांना मी अवतरणचिन्हं लावली. गावांना लावली नाहीत. कर्जत, नेरळ, चौक, लोधिवली, खोपोली. एका शब्दाच्या गावाला चिन्हांचा बंदोबस्त कशाला?

दोन ओळींची ती तयार सोय? अहो, ती अनोळखी माणसांनी लिहिलेल्या मजकुरासाठी. घरच्या यादीला काय करायची?

बुधवारी सकाळी साडेअकराला मी बटण दाबलं, संदेश माझ्या नंबरावरून सुटले, आणि मी आमटीला फोडणी द्यायला आत गेले.

यादीत दुसऱ्या क्रमांकावर कमळ्या वाघ होते. गाव: वावोशी फाटा.

वावोशी, मग रिकामी जागा, मग फाटा.

पहिला फोन आला तेव्हा मोहरी तडतडत होती. नेरळचे विकास भोईर बोलत होते. त्यांची बायको हर्षला अकरा सत्कारमूर्तींपैकी एक.

"मॅडम, संदेश आला. 'हयात हर्षला भोईर यांच्या कार्याचे स्मरण व गौरव', असं लिहिलंय," ते म्हणाले.

"हो. अभिनंदन," मी म्हटलं.

"ते ठीक आहे. पण ती हयात आहे हे आम्हाला माहीत आहे. ती इथे समोर डाळ निवडत बसली आहे. तिच्याबद्दल कुठे काही उलट बोललं गेलं होतं का?"

मी म्हटलं, तसं काही नाही, प्रोग्रॅममधली बारीक चूक असेल, बघते. फोन ठेवला तर दुसरा वाजत होता. हा आवाज तरुण होता.

"ताई, मी साईनाथ ठोंबरे बोलतोय, लोधिवलीचा. बाबा कदी गेले?"

"कुठे गेले?" मी विचारलं.

तो म्हणाला, "मी रसायनीला कंपनीत हाय. सकाळी निघालो तवा बाबा दात घासत व्हते. आता तुमचा मेसेज आला. आई फोन उचलत नाय. मी गाडी काढली हाय, निगालोय. फक्त सांगा, काय झालं त्यांना?"

मी गॅस बंद केला आणि स्क्रीनकडे धावले. तिथे ओळीनं अकरा संदेश मांडलेले होते. पहिला बरोबर. दुसरा: 'कमळ्या वाघ वावोशी', पुढे 'यांच्या कार्याचे' वगैरे. तिसरा: 'कै. चांगो ठोंबरे यांच्या कार्याचे स्मरण व गौरव करण्यासाठी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता कर्जत येथे सभा. सर्वांनी उपस्थित राहावे.'

मजकूर अप्पांचा. गौरवाला नुसतं गौरव म्हणणं त्यांना ओकंबोकं वाटतं, म्हणून 'स्मरण'.

काय झालं होतं ते मला तिथेच उभ्या उभ्या कळलं. 'फाटा' हा वेगळा तुकडा झाला. त्यानं शेऱ्याची जागा घेतली. कमळ्यांचं 'कै.' एक जागा पुढे सरकलं आणि पुढच्या माणसाच्या नावाच्या रकान्यात जाऊन बसलं. पुढचा माणूस चांगो ठोंबरे. चांगो ठोंबऱ्यांचं 'हयात' सरकून हर्षलाबाईंच्या डोक्यावर गेलं, आणि तिथून खाली सगळेच जण मागच्याच्या हयातीवर जगत होते. माणसाचा जीव एका रिकाम्या जागेवर टांगलेला असतो असं मी व्याख्यानात म्हटलं असतं, तर सगळे हसले असते.

"साईनाथ, तुझे बाबा ठीक आहेत," मी सांगायला लागले. पण तो गाडीवर बसला होता. फोन कधीच बंद झाला होता.

"अप्पा, गाडीत बसा," मी म्हटलं. "आपण लोधिवलीला चाललोय."

"कशाला?"

"चांगो ठोंबरे वारले."

"अरेरे," अप्पा मटकन बसले. "कधी?"

"साडेअकराला. मी मारले."

चौकपर्यंतच्या रस्त्यात मी अप्पांना सगळं समजावलं. त्यांना तुकडे वगैरे फारसं कळलं नाही. ते फक्त म्हणाले, "पण यादीत तर 'हयात' स्वच्छ लिहिलं होतं." हे ते लोधिवली येईपर्यंत चार वेळा म्हणाले.

चांगो ठोंबरे यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. वय अठ्ठ्याहत्तर. घरची भातशेती. एक जुनं वासाचं भात, जे आता बाजारात कुणी विचारत नाही, ते दर वर्षी दोन गुंठ्यांत लावायचं आणि बियाणं धरून ठेवायचं, असं त्यांनी चाळीस वर्षं केलं. मधे एकदा ते बियाणं जवळजवळ संपलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ हिरू खोपोलीला शिळफाट्यावर राहतो, तोही मंडळाचा सभासद. अकरा वर्षांपूर्वी हिरूच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांना भाकऱ्या कमी पडल्या, आणि हिरूनं घाईत दादाच्या घरातली बियाण्याची कणगी उघडून भात दळून आणलं. चांगोंनी तेव्हा मांडवात काही म्हटलं नाही. जेवले, नवरानवरीला आशीर्वाद दिला आणि त्या दिवसापासून भावाशी बोलणं सोडलं. कणगीच्या फटीत अडकलेले मूठभर दाणे वेचून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. मंडळ त्यांचा सत्कार करणार होतं तो त्या मूठभर दाण्यांसाठी.

आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांच्या अंगणात तीसेक माणसं बसली होती. दाराला कडी. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. दोन जणांच्या हातात हार होते आणि ते ठेवायचे कुठे हे त्यांना कळत नव्हतं. साईनाथ पायरीवर बसला होता. हेल्मेट काढायचंही भान नव्हतं त्याला. तो आतल्या आत रडत होता आणि काचेवर वाफ धरली होती.

दार बंद का, याचा त्या तीस जणांनी आपापला अर्थ लावला होता. शेजारच्या एका बाई मला हळूच म्हणाल्या, "दवाखान्यात असतील गं. अजून ताब्यात दिला नसंल."

खरं म्हणजे चांगोंची बायको शकूबाई चौकला गिरणीवर गेल्या होत्या आणि फोन घरात खुंटीवर पिशवीत वाजत होता. आणि चांगो घरामागे वालाच्या शेतात होते.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच घराच्या बाजूनं आले. खांद्यावर टॉवेल, हातात विळा. अंगणात एवढी माणसं बघून थबकले. मग सगळ्यांचे चेहरे बघितले, विळा हळूच भिंतीला टेकवला, टॉवेल काढून हातात घेतला आणि पुरुषांच्या रांगेत कडेला उकिडवे बसले. शेजारच्याकडे झुकून त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं,

"कोण गेलं रं?"

शेजारचा धनेश म्हणून होता. तो बसल्या जागेवरून चार हात मागे सरकला. कुणीच बोललं नाही. चांगोंना वाटलं, नाव घ्यायलाही लोकांना जड जातंय. त्यांनी मान हलवली, डोळे पुसले आणि म्हणाले, "चांगला माणूस व्हता."

साईनाथनं हेल्मेटची काच वर केली. "बाबा," तो म्हणाला. त्यानं जाऊन बापाला अशी मिठी मारली की हेल्मेट चांगोंच्या कपाळावर आपटलं. त्या दिवशी चांगोंना झालेली इजा म्हणाल तर तेवढीच.

मी उभी राहिले. हात जोडले. सांगितलं की चूक माझी आहे, कॉम्प्युटरची नाही. वावोशी आणि फाटा यांच्यामध्ये मोकळी जागा होती, ती मी सांभाळायला हवी होती. लोक ऐकत होते. कुणी रागावलं नाही, उलट सगळे मन लावून समजून घ्यायचा प्रयत्न करत होते, आणि ते जास्त कठीण होतं.

"म्हंजे वावोशीच्या फाट्यामुळं मी मेलो?" चांगोंनी विचारलं.

"थोडक्यात, हो."

"मी तर तिकडं जात पण नाय," ते म्हणाले.

"पण ताई," धनेश म्हणाला, "इथं आमाला कळलं. बाकी दोनशे लोकांचं काय? ते निगाले असतील."

हा प्रश्न बरोबर होता. आणि इथे, वाचकहो, मला गप्प बसता आलं असतं. अप्पांनी एकेकाला फोन केले असते आणि संध्याकाळपर्यंत सगळं निस्तरलं असतं. पण तीस जण माझ्याकडे बघत होते, आणि मला दाखवून द्यायचं होतं की ज्या हातानं मारलं तोच हात जिवंतही करू शकतो.

"एका मिनिटात दुरुस्तीचा संदेश पाठवते," मी म्हटलं. "मोबाईलवरून घरच्या कॉम्प्युटरला आज्ञा देता येते. अप्पा, मजकूर सांगा."

अप्पा सावरून बसले. हे त्यांचं क्षेत्र होतं. त्यांनी डोळे मिटून सांगितलं, "श्री. चांगो ठोंबरे यांच्याविषयी आज पाठवलेल्या संदेशाबद्दल मंडळास अतीव दुःख होत आहे, अर्धविराम, ते हयात असून त्यांची प्रकृती उत्तम आहे, पूर्णविराम."

"अर्धविराम कशाला?" मी विचारलं.

"दोन स्वतंत्र वाक्यं आहेत आणि अर्थानं जोडलेली आहेत. तिथे अर्धविरामच येतो," अप्पा म्हणाले. बत्तीस वर्षं ते हे सांगत आले आहेत.

मी अर्धविराम घातला. घाईत होते. मजकुराभोवती अवतरणचिन्हं घालायची राहिली. पाठवलं.

मघाशी म्हटलं ना, काही चिन्हं कॉम्प्युटरला हुकूम वाटतात? अर्धविराम हे त्यातलं पहिलं. त्याचा अर्थ, इथे एक आज्ञा संपली, आता दुसरी. स्लाइड सतरा.

अंगणातले सगळे मोबाईल एकदम वाजले. साईनाथनं आपला उघडला आणि मोठ्यानं वाचला.

"श्री. चांगो ठोंबरे यांच्याविषयी आज पाठवलेल्या संदेशाबद्दल मंडळास अतीव दुःख होत आहे."

तो थांबला. "पुढं काय नाय," तो म्हणाला.

माझ्या मोबाईलवर पुढचं होतं. अर्धविरामानंतर कॉम्प्युटरनं 'ते' नावाची आज्ञा शोधली होती आणि नम्रपणे कळवलं होतं की 'ते' सापडत नाहीत.

"आता नक्की झालं," चांगो म्हणाले. "मगाशी थोडी शंका व्हती."

मी बाजूला जाऊन अनुपमला फोन लावला. मला कुणीतरी शांत माणूस हवा होता. मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू ती तयार सोय न वापरता नुसत्या ओळी जोडून आज्ञा केलीस?"

"हो."

"तू?"

मी फोन बंद केला.

तेवढ्यात रस्त्यावर टेंपो थांबला. मागे लांब हिरवे बांबू बाहेर आले होते, त्यांना लाल फडकं बांधलेलं. ड्रायव्हरशेजारून एक किडकिडा म्हातारा उतरला. पांढरा सदरा, उघडं डोकं, डोळे लालभडक. काखेत मातीचं मडकं होतं.

"हिरूभावजी," शकूबाई म्हणाल्या. त्या नुकत्याच पिठाचा डबा घेऊन आल्या होत्या आणि त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. "हे काय आणलं?"

हिरू ठोंबऱ्यांनी कुणाकडेच बघितलं नाही. टेंपोचा मागचा फळका उघडत ते ड्रायव्हरला म्हणाले, "सगळं नीट उतरव. माझ्या दादाचं सगळं मी करनार. आधी ठरलं व्हतं आमचं, आईच्या टायमाला. कोनी मधी बोलायचं नाय." मग काखेतलं मडकं सावरत म्हणाले, "पयल्या मेसेजला वाटलं, खोटा असंल. मग दुसरा आला, अतीव दुःख म्हनून. तवा निगालो."

चांगो उठले. चालत टेंपोपाशी गेले. हिरूंची पाठ त्यांच्याकडे होती. चांगोंनी एक बांबू हातात घेतला, अंगठ्यानं दाबला आणि म्हणाले,

"हा कच्चा हाय."

हिरूंनी वळूनही बघितलं नाही. "घाईत ह्योच मिळाला," ते म्हणाले. मग मडकं त्यांच्या काखेतून निसटलं.

फुटलं नाही. खाली गवत होतं. ते घरंगळत माझ्या पायाशी आलं आणि मी उचलून धरून राहिले, कारण ते ठेवायचं कुठे हे मलाही कळेना.

दोघं भाऊ समोरासमोर उभे होते. अकरा वर्षं. एकमेकांकडे बघत होते, हिशेब लागत नसल्यासारखे. हिरूंनी हात पुढे केला आणि चांगोंच्या दंडाला बोटानं टोचलं, भाजलेलं वांगं शिजलं का बघतात तसं.

"मेला नायस?"

"नाय."

"मंग मेसेज कशाला पाठवला?"

"मी नाय पाठवला. ही पाठवते." चांगोंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही कोन?"

"कर्जतच्या गुरुजींची पोर. कंपूटरवाली."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. हातात मडकं घेऊन मी जितकी सभ्य दिसू शकत होते तितकी दिसत होते.

"एवढी शिकलेली," हिरू म्हणाले.

"वावोशी फाटा दोन शब्द हायेत, हे हिला ठावं नव्हतं," चांगो म्हणाले.

"आपल्या बारक्या नातवाला पण येतं."

"तेच म्हनतो मी."

अकरा वर्षांनंतर दोन भावांचं पहिलं बोलणं माझ्या अकलेवर झालं. आणि चांगलं अर्धा तास चाललं. ते ओट्यावर शेजारी बसले, शकूबाईंनी चहा टाकला, आणि मी काय केलं, काय करायला हवं होतं, हे दोघं एकमेकांना समजावून सांगत राहिले. दोघांचं पूर्ण एकमत होतं. कणगीचा विषय निघाला तो अगदी उठताना. हिरू जमिनीकडे बघत म्हणाले, "त्या टायमाला पाहुणे उपाशी राहिले असते रं." चांगो म्हणाले, "विचारायचं व्हतं. मी दुसरं दिलं असतं." एवढंच. मग चांगो बांबूंकडे बघून म्हणाले, "दुधीच्या मांडवाला चालतील हे. ठेवून जा." हिरू ठेवून गेले नाहीत. मांडव घालायला दोन दिवस राहिले.

अप्पा आणि मी संध्याकाळपर्यंत त्याच ओट्यावर बसून सभासदांना एकेक फोन करत होतो. यादीतलं प्रत्येक नाव अप्पा मोठ्यानं वाचायचे आणि पुढे 'हयात' म्हणायचे. मला ते पटायचं.

रविवारी कर्जतला सभा झाली. दर वर्षी साठेक माणसं येतात, या वेळी हॉलच्या बाहेरही उभी होती. मेलेला माणूस सत्कार घ्यायला येणार हे खोपोलीपर्यंत पसरलं होतं. चांगो ठोंबरे भावाला घेऊन व्यासपीठावर चढले तेव्हा लोक उभे राहिले. हर्षला भोईर यांची ओळख निवेदकानं 'हयात' अशीच करून दिली आणि त्यांनाच सगळ्यात जास्त हसू आलं.

कमळ्या वाघ यांच्या वतीनं त्यांच्या पत्नी सुरेखाबाई आल्या होत्या. त्यांना मी आधीच गाठलं. सगळ्या गोंधळात मी त्यांना विसरले होते, आणि त्यांना गेलेला संदेश तर सगळ्यात वाईट होता. गेलेल्या माणसाला हयातांच्या रांगेत बसवणारा.

"माफ करा," मी म्हटलं. "त्यांच्या नावाआधी कै. यायला हवं होतं."

त्यांनी पदर सारखा केला. "वरीसभर समदे कागदावर तेच लावत्यात," त्या म्हणाल्या. "तुमच्यात नव्हतं. लय दिवसांनी त्याचं नुसतं नाव बघितलं." मग म्हणाल्या, "मोबाईलमधनं पुसू नका हां ते."

मी पुसलेलं नाही.

त्यानंतर मी प्रोग्रॅम नीट लिहिला. दोन ओळींची ती तयार सोय वापरली. आता गावाच्या नावात कितीही फाटे असू देत, अप्पांनी कितीही अर्धविराम घालू देत, काही तुटत नाही. अनुपमनं स्वतः तपासून दिलं. इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती.

पण परवा सकाळी पद्मजाकाकू आल्या. आमच्याच आळीत राहतात, एकट्या. मुलगा मिहीर, तिकडे बंगलोरला. त्या बसल्या, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग आवाज उतरवून म्हणाल्या,

"ऋजुता, ते तू ठोंबऱ्यांना लावलंस ना नावाआधी, ते मला लावशील?"

"काय?"

"कै. सगळ्यांना नको पाठवूस. फक्त मिहीरला. दिवाळीला आला नाही, फोनही दोन मिनिटांच्या वर करत नाही. ठोंबऱ्यांचा भाऊ कसा टेंपो करून आला."

मी म्हटलं, काकू, ती चूक होती. चूक मुद्दाम करता येत नाही. शिवाय आता प्रोग्रॅम दुरुस्त केलाय, तसं होणारच नाही.

त्या पिशवी उचलून उठल्या.

"चांगलं चाललेलं," त्या म्हणाल्या, "कशाला हात लावतेस गं त्याला?"